दर्शनी खोलीचं कुलूप

शिक्का शनिवारी संध्याकाळी हातात आला आणि रविवारी सकाळचा चहा व्हायच्या आत खिट्टीने घरात कागद म्हणून जे जे सापडलं त्यावर तो उठवून पाहिला होता. वर्तमानपत्राची कडा, दुधाचं बिल, बाबांच्या औषधाचं खोकं आणि शेवटी स्वतःचा तळहात. जांभळ्या शाईत गोलसर अक्षरं उमटली होती : 'कुलूपवाली. अडलेली दारं उघडून मिळतील.' खाली नवा फोन नंबर. तो फक्त धंद्याचा होता आणि अजून तिला स्वतःलाही पाठ झालेला नव्हता.

“भिंत तेवढी सोड बाई,” वहिनी कप ठेवता ठेवता म्हणाली.

खिट्टी हसली. गेला आठवडाभर तिला हसू आवरत नव्हतं. रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा अंधारात उगीचच ओठ फाकायचे. नऊ-दहा वर्षं तिने दुसऱ्याच्या कंपनीत कुलपं उघडली होती. दाराशी गुडघे टेकायची ती, आणि बिलावर सही व्हायची मालकाची. गेल्या महिन्यात तिने राजीनामा दिला तेव्हा मालक चिडला नाही, उलट समजुतीने म्हणाला होता, पुढच्या महिनाअखेरपर्यंत तुझी जागा रिकामी ठेवतो, डोकं ठिकाणावर आलं की ये. त्या समजुतीनेच तिला जास्त झोंबलं होतं. महिना संपायला आता थोडेच दिवस उरले होते.

टेबलावर तिचं सगळं दफ्तर मांडलेलं होतं. सगळं म्हणजे फार काही नाही. एक जाड नोंदवही, कामाला एक ओळ याप्रमाणे आखलेली. एक पावतीपुस्तक, कार्बन घातलेलं, वरची गिऱ्हाइकाला आणि खालची आपल्याला. खर्चाच्या बिलांसाठी बुटांचं रिकामं खोकं. फोनशेजारी चिकटवायला एक पुठ्ठा, त्यावर फोन आला की काय विचारायचं ते मोठ्या अक्षरात : नाव, पत्ता, कुलूप कसलं, आत कुणी अडकलंय का, चुलीवर काही आहे का, मग खाली लिहिलेला दर सांगायचा, आणि गिऱ्हाईक हो म्हणालं तरच निघायचं. शुक्रवारची दुपार फक्त कागदांसाठी. त्या वेळात आभाळ कोसळलं तरी अवजारांच्या पेटीला हात लावायचा नाही. आणि एक संमतीपत्र, पानभराचंच. दार कुणाचं, ते कशावरून, आणि उघडायला कोण सांगतंय. खाली सही.

“एवढ्यात भागतं?” वहिनीने विचारलं. पावतीपुस्तकाची पानं ती अशी चाळत होती, जणू कपड्यांच्या दुकानात पोत बघतेय.

“एकटीला एवढंच झेपतं. जास्त केलं तर मी कागदच सांभाळत बसेन.”

दादाचं, म्हणजे खिट्टीच्या मोठ्या भावाचं, हार्डवेअरचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं आणि त्याचा हिशेब दादाच्या शर्टाच्या खिशात राहायचा. शर्ट धुवायला टाकताना वहिनी खिसे उलटे करी आणि ओल्या चिठोऱ्यांवरून कुणाला काय दिलं ते ताडत बसे. मागच्या आठवड्यात तिने खिट्टीकडून आखलेले दोन कोरे कागद मागून नेले होते. कशाला ते सांगितलं नव्हतं.

खालच्या बोळात काहीतरी धडकलं आणि पाठोपाठ दादाचा आवाज आला. किल्ल्या कापायचं यंत्र तिने आणून ठेवल्यापासून घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी त्याच्यावर गुडघा आपटून घेतला होता. यंत्राला जागा नव्हती. जागा असलीच तर ती एकच : तळमजल्यावरची, रस्त्याला लागून असलेली दर्शनी खोली. आजोबा, म्हणजे बाबांचे नाना, तिथे हाताने कुलपं घडवायचे. ते गेल्यावर बाबा आणि काका यांच्यात त्या खोलीवरून जे वाजलं ते कायमचं. काकाने एके दिवशी दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं, किल्ली खिशात घातली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. बाबांनीही मग त्या दाराकडे बघणं सोडलं. आज अकरा वाजता आत्याने सगळ्यांना बोलावलं होतं. ती तिघांत थोरली. तिचं म्हणणं एवढंच होतं की मी डोळे मिटायच्या आत त्या दाराचा सोक्षमोक्ष लागला पाहिजे.

दादा गुडघा चोळत वर आला. टेबलाकडे बघून त्याने भुवया उडवल्या. शिक्का उचलला, फुंकर मारली, ठेवून दिला. “पाटी अजून लागायचीय आणि शिक्का आधी,” तो म्हणाला. मग खुर्ची ओढून खिट्टीच्या अगदी जवळ बसला आणि आवाज खाली आणला.

त्याचा बेत साधा होता. आत्या आणि काका यायला अजून तासभर आहे. खिट्टीने तेवढ्यात कुलूप उघडायचं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही म्हणून दारात रचून ठेवलेले रंगाचे डबे आणि पाइप त्याने हातगाडीवर आणून ठेवलेच होते; ते आत लावायचे. अर्धी खोली त्याची, खिडकीकडची अर्धी तिची. मंडळी येतील तेव्हा खोली चालू झालेली असेल. चालू झालेली खोली बंद करा म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

“तुला किती वेळ लागेल?” दादाने विचारलं.

खिट्टी उठली तेव्हा आपण नक्की काय करणार आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पेटी मात्र तिने उचलली होती. ती जिना उतरली. खिडकीकडची अर्धी खोली. तिथे यंत्र, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांची फळी, दारावर पाटी. तिला ते सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं, अगदी पाटीच्या खिळ्यांसकट.

दाराशी ती गुडघ्यांवर बसली. इतकी वर्षं या कुलपासमोरून जा-ये केली, पण धंद्याच्या नजरेने ते आज पहिल्यांदाच पाहत होती. तिने फडक्याने धूळ पुसली आणि थांबली. हे बाजारातलं कुलूप नव्हतं. अंगावर कानशीच्या बारीक रेघा होत्या, भोकावर सरकतं झाकण होतं, आणि कडीच्या मुळाशी आजोबांची खूण होती, तांदळाच्या दाण्याएवढी. काकाने आजोबांच्याच हातचं कुलूप लावलं होतं.

तिचे हात शिवशिवायला लागले. अशी कुलपं आता कुणी करत नाही. किल्लीने उचलल्या जाणाऱ्या किती पट्ट्या आत असतील, त्या कुठे खोट्या असतील, काही म्हणून सांगता यायचं नाही. जगात तिला आत्ता दुसरं काही नको होतं. फक्त एक वाकडी तार आणि थोडी शांतता.

“कर ना सुरू,” दादा मागून म्हणाला.

तिने तार हातात घेतली आणि नेहमीच्या सवयीने, कुठल्याही दाराशी म्हणते तसं, पुटपुटली, “दार कुणाचं?”

प्रश्न तिच्याच कानावर पडला. दार तिघांचं होतं. बाबा, आत्या, काका. त्यातलं एकही इथे उभं नव्हतं. तिने तार परत पेटीत ठेवली.

“तिघांच्या सह्या लागतील दादा.”

दादाला आधी वाटलं ती थट्टा करतेय. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरच्या दाराला फॉर्म, सख्ख्या भावाला फॉर्म, तो म्हणाला. उद्या स्वयंपाकघरात शिरायलाही तुझी पावती फाडावी लागेल. खिट्टीने त्याला सांगायचा प्रयत्न केला. उद्यापासून ती अनोळखी माणसांच्या दारात उभी राहणार होती. तिच्या हातात कुठलंही दार उघडायची कला होती, आणि अशा माणसाला लोक घरात घेतात ते फक्त त्याच्या नियमावर भरवसा ठेवून. पहिल्याच दाराला नियम वाकवला तर मग तिच्यात आणि चोरात फरक काय राहिला? पण तोंडातून हे सगळं धड बाहेर आलं नाही. ती एवढंच म्हणाली, “मला पण खोली हवीय रे. तुझ्यापेक्षा जास्त हवीय. पण अशी नको.”

दादा तणतणत दुकानाकडे गेला आणि परत आला तो लोखंड कापायची करवत घेऊन. कडीवर पातं टेकवणार, तेवढ्यात जिन्यातून बाबांचा आवाज आला. बाबा या खोलीबद्दल कधी बोलत नसत. आई गेल्यापासून तर ते कशाबद्दलच फारसं बोलत नसत.

“ते नानांचं आहे,” ते म्हणाले. “हात लावू नकोस त्याला.”

दादाने करवत खाली घेतली. हातगाडी तशीच रस्त्यावर उभी राहिली.

आत्या आणि काका पाठोपाठच आले. आत्या काठी टेकत आणि काका इस्त्रीच्या शर्टात, एखाद्या परक्या घरी आल्यासारखा सावरून. वरच्या खोलीत सगळे बसले. पहिली पंधरा मिनिटं हवा, गुडघेदुखी आणि काकाच्या घराचा नवा रंग यात गेली. मग आत्याने काठी जमिनीवर आपटली.

आत्याचं मत पक्कं होतं आणि ते दादाच्या बाजूचं होतं. दुकान चालतंय, त्याला जागा पुरत नाही, खोली दुकानाला द्यावी. दादाने मान डोलावली. काका म्हणाला की त्याच्या मर्जीशिवाय ते दार उघडायचं नाही, आणि त्याची मर्जी नाही. का नाही, हे कुणी विचारलं की तो नानांच्या आठवणीपाशी जाई आणि तिथेच घुटमळे. बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हातारी माणसं भांडतात तशी ती तिघं भांडत होती. मूळ कारण विटून गेलेलं आणि राग मात्र कालचा.

“आणि ही?” आत्याने काठीचं टोक खिट्टीकडे केलं. “हिचं काय म्हणणं आहे?”

खिट्टीने म्हणणं मांडलं. सकाळभर तिने ते मनात घोळवलं होतं, तरी जीभ दोनदा अडखळली. खोली तिला भाड्याने हवी होती, फुकट नको. भाडं तिघांना सारखं वाटून, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला. एक पानाचा करार तिने लिहूनच आणला होता. वर्षाने पुन्हा बसायचं. कुणालाही पटलं नाही तर ती महिन्याभरात यंत्र उचलेल.

आत्याने पान लांब धरून वाचलं. “एकटी माणूस तू. आजारी पडलीस तर धंद्याचं काय?”

“फोनवर निरोप राहील. नदीपलीकडे माझ्या ओळखीचे एक कुलूपवाले आहेत, त्यांचा नंबर मिळेल लोकांना. ते रजेवर असले की त्यांची गिऱ्हाइकं मी करीन. बोलणं झालंय.”

“अन् हे सगळं लिहायचं कोण?”

“मीच. शुक्रवारी दुपारी.”

आत्याने 'हं' केलं. तो 'हं' नकाराचा नव्हता, हे दादाच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो घाईने पुढे सरसावला. भाडं तोही देईल म्हणाला. आणि माल रस्त्यावर पडलाय, त्याची निकड मोठी आहे.

तेव्हा वहिनी बोलली. ती दारात, खांद्यावर पंचा टाकून उभी होती आणि दादाकडे न बघता बोलत होती. तिने मागच्या आठवड्यात दुकानातला सगळा माल मोजला होता, कप्प्याकप्प्याने, खिट्टीने आखून दिलेल्या कागदावर. निम्म्याच्या वर माल असा होता की तो दोन-तीन वर्षांत कुणी मागितला नव्हता. पाइपांची गंजलेली वळणं, सुकलेला रंग, एकाच मापाच्या ढीगभर नळ्या.

“जागा कमी नाहीये,” वहिनी म्हणाली. “काय आहे ते माहीत नाहीये. एक दिवस द्या मला, दुकानात खाट टाकून झोपता येईल एवढी जागा काढून देते.”

दादा तोंडात मारल्यासारखा बसून राहिला. खिट्टीला त्याची दया आली. वहिनीने आजवर चारचौघांत त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आत्या मात्र वहिनीकडे अशी बघत होती, जणू या घरात एक नवीच सून आलीय.

“मग ठरलं,” आत्या म्हणाली. “पोरीला द्यायची. काढ रे किल्ली.”

काका हलला नाही. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथून पॅन्टच्या, तिथून परत मांडीवर आला. मी विचार करून सांगतो, तो म्हणाला. किल्ली घरी आहे. बहुधा कपाटात. आत्या म्हणाली, जा आणि घेऊन ये. काका म्हणाला, इतक्या घाईचं काय आहे. त्याचा आवाज चढला. मला न विचारता ठरवायचं होतं तर मला बोलावलं कशाला, वगैरे.

खिट्टी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. हा चेहरा तिच्या रोजच्या पाहण्यातला होता. बंद दारासमोर पिशवी घेऊन उभे असलेले साहेब, शाळेच्या शिक्षिका, एकदा तर एक न्यायाधीश; सगळ्यांचा चेहरा अगदी असाच झालेला असे. खिसे चाचपणारा हात, आणि उगीचच चढलेला आवाज. राग नव्हता तो. इतकी वर्षं सगळे त्याला राग समजत आले होते.

पोटात हसू उसळलं, ते तिने गिळलं. टेबलावरून एक संमतीपत्र घेतलं, काकाशेजारी जाऊन बसली आणि ज्या आवाजात ती परक्या गिऱ्हाइकाशी बोलत असे त्याच सपाट, कामाच्या आवाजात विचारलं.

“किल्ली आत राहिलीय की हरवलीय? दोन्हीला दर एकच आहे. फक्त खूण करायची असते.”

काकाने कागदाकडे पाहिलं. तिथे खरोखरच दोन चौकोन छापलेले होते. मग त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली.

“कधी?” बाबांनी विचारलं. भावाशी थेट बोललेला तो त्यांचा कित्येक वर्षांतला पहिला शब्द होता.

“हे घर सोडलं तेव्हाच,” काका म्हणाला. “कुलूपवाल्याचा मुलगा मी. नानांच्या हातची किल्ली हरवली, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मग वाटलं, राहू दे रागच.”

आत्याचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं ती रडतेय. ती हसत होती, आवाज न करता, काठीवर कपाळ टेकून. तिचं बघून बाबा हसले, आणि बाबांना हसताना पाहून काकाच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. दादा एकटाच अजून फुगून बसला होता, पण त्याच्याही ओठाचा कोपरा काही त्याच्या ताब्यात नव्हता.

तीन सह्या झाल्या. आत्याची सही थरथरती, बाबांची बारीक, काकाची आडवी-तिडवी. खिट्टीने खाली शिक्का उठवला आणि जांभळ्या अक्षरांकडे क्षणभर बघत राहिली. मग पेटी उचलून धावतच जिना उतरली. सगळे तिच्या मागे. यंत्रावर या वेळी काकाने गुडघा आपटला.

कुलूप सोपं नव्हतं. एका तारेने कडी अडवणाऱ्या खिळीवर हलका दाब ठेवायचा आणि दुसरीने आतल्या पट्ट्या एकेक करून उचलायच्या. चार पट्ट्या तिने पटापट उचलल्या आणि पाचवीला सगळं घसरून पुन्हा पहिल्यावर आलं. पुन्हा केलं. पुन्हा घसरलं. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. काका बॅटरी धरून वाकला होता. तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा तिच्या मनात नको ते विचार यायला लागले. पहिलंच काम, सगळं घर बघतंय, आणि शेवटी दादाची करवतच लागणार.

बाबा तिच्याशेजारी हळूच जमिनीवर बसले. गुडघे वाजले. आजोबांच्या हाताखाली ते याच खोलीत शिकले होते, आणि मग ते काम सोडून त्यांनी हार्डवेअरचं दुकान काढलं होतं.

“पाचवीला नाना फसवी खाच ठेवायचे,” ते म्हणाले. “अडकली की वाटतं, आली. ती तिथून थोडी खाली सोडायची. केसभर.”

खिट्टीने डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार. पाचवी वर गेली, अडली. तिने श्वास रोखला आणि तार केसभर खाली सोडली. बोटांच्या टोकांना काहीतरी मऊ लागलं, लोणी कापावं तसं. सहावी आपण होऊन वर आली आणि कुलूप तिच्या तळहातात उघडून पडलं.

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

दार आत ढकललं तेव्हा ते कुरकुरलं आणि मग मोकळं झालं. आत धूळ होती, जाळी होती, आणि खिडकीखाली आजोबांचं लाकडी कामाचं टेबल आपल्या जागेवर होतं, कडेला बसवलेल्या, काम घट्ट पकडून ठेवणाऱ्या जड लोखंडी शेगड्यासकट. काका त्या शेगड्याचा दांडा फिरवून बघत होता. फिरत होता. बाबा आणि तो दोघंही टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले, जणू कुणीतरी काम सांगेल म्हणून. आत्या दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली की आधी झाडू आणा.

“पावती,” काका एकदम वळून म्हणाला. “माझी पावती दे.”

खिट्टीने नको नको म्हटलं. काका ऐकेना. काम झालं, दर कागदावर छापलेला होता, कागदावर सही त्याची होती. शेवटी तिने पावतीपुस्तक उघडलं. क्रमांक एक. तिचे हात कुलपातल्या जुन्या तेलाने काळे झाले होते आणि कार्बनवर अंगठ्याचा ठसा उठला, पण अक्षर चांगलं आलं.

ती पान फाडत असतानाच वरून घंटी वाजायला लागली. नव्या फोनची. तिला आधी कळलंच नाही, इतका तो आवाज अनोळखी होता. हात तेलाने माखलेले, फोन वरच्या मजल्यावर. तिची त्रेधा उडाली. तेवढ्यात दादा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. घंटी थांबली. मग त्याचा आवाज आला, दुकानातल्यापेक्षा अगदी वेगळा, शाळेत धडा वाचून दाखवावा तसा एकेक शब्द सुटा :

“नाव सांगा. पत्ता सांगा. कुलूप कसलं आहे? आत कुणी अडकलंय का? चुलीवर काही आहे का?” मधे थोडी शांतता. मग दर. मग आणखी थोडी शांतता.

तो खाली आला तेव्हा त्याच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात नोंदवही होती, आणि वहीत एका ओळीत त्याचं वाकडं अक्षर. बाजारामागच्या चौकात एक बाई दाराबाहेर राहिली होती. नंबर तिला नदीपलीकडच्या कुलूपवाल्यांनी दिला होता. आत कुणी नाही, चुलीवर काही नाही, दर कबूल.

“ओळीच्या बाहेर गेलं थोडं,” दादा म्हणाला.

“चालेल,” खिट्टी म्हणाली. तिला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने हात पुसायला फडकं शोधलं.

वहिनीने फडकं दिलं, फोन तिच्या खिशात घातला आणि पेटी बंद करून तिच्या खांद्याला लावली. दादाने आपली स्कूटर रस्त्यावर काढून ठेवली होती, हातगाडी बाजूला ढकलून. पेट्रोल टाकीभर आहे, तो म्हणाला, आणि वहिनीकडे न बघता पुढे म्हणाला की उद्या दुकान उशिरा उघडू, माल मोजायचाय.

खिट्टी निघाली. वळणावर तिने मागे पाहिलं तर दर्शनी खोलीच्या दारातून धुळीचा लोट बाहेर येत होता आणि त्यात आत्या काठी उंचावून कुणाला तरी काहीतरी सांगत होती. रविवारचा रस्ता मोकळा होता. झाडांच्या सावल्या स्कूटरवरून सरसर मागे जात होत्या. तिला मोठ्याने गावंसं वाटलं. एक ओळ ती गुणगुणलीही.

चौकाच्या थोडं अलीकडे खिशातला फोन पुन्हा वाजला. तिने स्कूटर कडेला घेतली. पलीकडे म्हातारा आवाज होता. त्यांच्या दुकानाचं शटर खाली अडकलं होतं आणि उद्या सकाळी सातला माल यायचा होता. नंबर कुणी दिला, विचारलं तर म्हणाले, आत्ता त्या चौकातल्या बाईंनी. त्या आमच्या समोरच राहतात, तुमची वाट बघत जिन्यावर बसल्यात.

खिट्टीने एका हाताने किल्ली फिरवून स्कूटर बंद केली. पहिलं काम व्हायचं होतं. दुसरं येऊन उभं होतं. माणूस एकच.

“मला तासभर लागेल,” ती म्हणाली. “आधी त्यांचं दार. थांबाल का?”

“थांबतो की. पण नक्की येताय ना?”

समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून एका बाईने तिला ओळखून हात हलवला. खिट्टीने पेटी सावरली, तेलकट हात आणखी एकदा पॅन्टला पुसला.

“येते,” ती म्हणाली.